खानदेशचे पाणी, खानदेशचे ऊन आणि केस वाळवण्याचा प्रश्न

कुरळ्या आणि रासायनिक प्रक्रिया केलेल्या केसांची निगा कशी राखावी, याविषयी मराठी वाचकाला आज मिळणारा सल्ला बहुतेक करून दमट हवेच्या आणि मऊ पाण्याच्या शहरांत तयार झालेला असतो. मुंबईच्या नळाला धरणांतले, क्षार कमी असलेले पाणी येते आणि तिथली हवा वर्षातले बरेच महिने ओलसर असते. त्यामुळे दमटपणाने केस पिंजारू नयेत, या एका काळजीभोवती तो सल्ला फिरत राहतो. खानदेशातल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची स्थिती जवळजवळ उलट आहे. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळतो, दुपारची हवा अत्यंत कोरडी होते, धुळे-साक्रीकडच्या हिवाळ्यात किमान तापमान एक आकडी होते, आणि नळाचे पाणी रोज येत नसल्याने विहिरी, बोअर व टँकरच्या क्षारयुक्त पाण्यावर असंख्य घरांचे न्हाणे चालते. अशा प्रदेशात केस ड्रायरने वाळवावेत की वाऱ्यावर, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. केस किती वेळ पाण्याने फुगलेले राहतात, शेवटच्या टप्प्यात त्यांना किती उष्णता बसते, ओले असताना ते किती घासले जातात आणि ज्या पाण्याने ते धुतले त्यात काय विरघळलेले आहे, या चार बाबींवर त्यांचे आयुष्य ठरते, असे उपलब्ध ज्ञानावरून म्हणता येते.

केसाचा डोक्याबाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो. त्याला झालेली इजा त्वचेच्या जखमेसारखी भरून येत नाही, आणि निगेचा सगळा विचार या एका वस्तुस्थितीवर उभा आहे. केसाच्या बाहेरच्या थराला क्युटिकल म्हणतात. छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले सूक्ष्म पारदर्शक खवले म्हणजे हा थर, आणि त्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते. खवल्यांच्या पृष्ठभागावर स्निग्ध द्रव्याचा एक अतिशय पातळ लेप रासायनिकरीत्या जोडलेला असतो, ज्यामुळे निरोगी केसावर पाणी चटकन पसरत नाही आणि एक केस दुसऱ्यावरून सहज घसरतो. आतल्या जाड भागाला कॉर्टेक्स म्हणतात, आणि तो केराटिन या गंधकयुक्त प्रथिनाच्या तंतूंचा बनलेला असतो. या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे बंध मुख्यतः दोन तऱ्हांचे आहेत. हायड्रोजन बंध दुबळे असतात, पाण्याने सुटतात आणि केस वाळताच पुन्हा जुळतात. डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधले बंध, मजबूत असतात, पाण्याने सुटत नाहीत आणि ते तोडण्यास बहुधा रसायन लागते. ओल्या केसाला ज्या आकारात वाळवावे तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो, याचे कारण पहिल्या प्रकारच्या बंधांत आहे, तर रिबाँडिंग केलेला केस धुतल्यावरही सरळच राहतो, याचे कारण दुसऱ्या प्रकारच्या बंधांत.

पाणी आणि केस यांचे नाते आकड्यांत पाहिले तर खानदेशचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या वाफेच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, 65 टक्के असताना केसात त्याच्या वजनाच्या सुमारे 13 टक्के पाणी असते. तीच 30 टक्क्यांवर आली की हे प्रमाण सुमारे 6 टक्क्यांवर उतरते. पूर्ण भिजलेला केस मात्र आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषतो आणि त्याची जाडी साधारण सातव्या हिश्शाने वाढते, लांबी मात्र जेमतेम 2 टक्क्यांनी. म्हणजे मे महिन्यात डोके धुणाऱ्या स्त्रीचा केस एका टोकाच्या ओलेपणातून तासाभरात दुसऱ्या टोकाच्या कोरडेपणात जातो. धड वाळलेला केस अशा हवेत राठ लागतो, प्लॅस्टिकच्या कंगव्याने विंचरताच विद्युतभाराने उभा राहतो आणि सहज तुटतो. दमट शहरांत केस पिंजारतो तो हवेतले पाणी आत शिरल्याने आणि खानदेशात पिंजारतो तो पाणी निघून गेल्याने. दोन्हींचे दृश्य रूप सारखे असले तरी उपाय वेगळे आहेत, आणि दोन्हींना एकच उपाय लावणे हीच इथल्या पार्लरांतून व घरांतून होणारी पहिली गफलत.

कुरळेपणा केसाच्या मुळाशीच ठरतो. ज्या कूपातून केस उगवतो तो कूप त्वचेखाली वळलेला असला आणि त्यातली वाढ एका बाजूला अधिक असली, की केस वळत बाहेर येतो. त्याचा आडवा छेद गोल नसून लंबवर्तुळाकार असतो. या रचनेचे दोन परिणाम निगेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. टाळूतील ग्रंथींतून पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते, वळणांच्या केसावरून मात्र उतरत नाही, म्हणून कुरळ्या केसांची टाळू तेलकट आणि टोके कोरडी, असे चित्र एकाच डोक्यावर दिसते. शिवाय प्रत्येक वळणाशी केसावर पीळ पडतो, तिथले खवले उचललेले असतात, आणि कंगवा ओढला की केस तिथेच तुटतो. म्हणूनच कुरळे केस वाळल्यावर विंचरू नयेत. कंडिशनर लावलेले असताना, ओल्या अवस्थेत, रुंद दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी टोकांकडून मुळाकडे गुंता सोडवत जावे. सरळ केसांसाठी नेमका उलटा सल्ला योग्य ठरतो, कारण ओला केस अधिक ताणला जातो. आई सरळ केसांची आणि मुलगी कुरळ्या केसांची असेल त्या घरात हा फरक विशेष लक्षात ठेवायला हवा.

रासायनिक प्रक्रिया केलेला केस जन्माने सरळ असो वा कुरळा, प्रक्रियेनंतर त्याची अवस्था बऱ्याच अंशी कुरळ्या केसासारखी होते: खवले उचललेले, वरचा स्निग्ध लेप गेलेला, पाणी चटकन शोषणारा. या प्रक्रियांचा इतिहास शंभर वर्षांहून थोडा अधिक आहे. कार्ल नेसलर या जर्मन केशरचनाकाराने 1906 साली लंडनमध्ये उष्णता व क्षार यांच्या साहाय्याने केसांना कायमच्या लाटा पाडण्याची पद्धत दाखवली. पुढे थायोग्लायकोलिक आम्लाच्या क्षारांनी उष्णतेविना तेच साधू लागले. आजच्या रिबाँडिंगचे आणि त्याच्या सौम्य भावंडाचे, म्हणजे स्मूदनिंगचे, रसायनशास्त्र तेच आहे: क्रीममधले थायोग्लायकोलेट गंधकाचे बंध तोडते, तापवलेल्या इस्त्रीने केस सरळ केला जातो, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडयुक्त न्यूट्रलायझरने बंध नव्या जागी पुन्हा जोडले जातात. सगळे बंध परत जुळत नाहीत, आणि तोच या सौंदर्याचा खर्च. मुळाशी नवा केस जुन्याच स्वभावाने उगवतो, म्हणून काही महिन्यांनी कुरळा नवा केस आणि सरळ जुना केस यांच्यात एक सीमारेषा तयार होते. केस तुटण्याची सर्वाधिक शक्यता या रेषेशी असते, आणि दुसऱ्या वेळी क्रीम फक्त नव्या वाढीला न लावता संपूर्ण लांबीला लावले तर मूठभर केस हातात येण्याचे प्रसंग ओढवतात.

केराटिन ट्रीटमेंट, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया अशी नावे आता जळगावच्या आणि धुळ्याच्या पार्लरांच्या पाट्यांवर सर्रास दिसतात, आणि या लेखातील सर्वांत गंभीर भाग त्यांच्याशी निगडित आहे. केराटिन हे केसाचेच प्रथिन असल्याने ही प्रक्रिया म्हणजे केसाला पोषण देणे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या प्रकारातील अनेक द्रवांचे काम फॉर्मल्डिहाइड किंवा तापल्यावर तो वायू सोडणारी द्रव्ये करतात. ती केराटिनच्या तंतूंमध्ये नवे पूल बांधतात आणि इस्त्रीच्या उष्णतेने केस सरळ स्थितीत पक्का होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली फॉर्मल्डिहाइडची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत केली. ही पद्धत ज्या ब्राझीलच्या नावाने जगभर विकली गेली, त्या देशाच्याच नियामक संस्थेला हे द्रव्य केस सरळ करण्यासाठी मान्य नाही. तिथे सौंदर्यप्रसाधनात संरक्षक म्हणून त्याला 0.2 टक्क्यांची मर्यादा आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने 2010 साली ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ असे लेबल असलेल्या एका उत्पादनाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत सरासरी 8 टक्क्यांहून अधिक फॉर्मल्डिहाइड आढळले. पाण्यात विरघळलेल्या फॉर्मल्डिहाइडला मेथिलीन ग्लायकॉल असे दुसरे नाव आहे आणि लेबलावर ते नाव असले तरी धोका तोच राहतो.

खानदेशात या धोक्याला हवामानाची आणि लग्नसराईची जोड मिळते. लग्नाच्या तिथी एप्रिल-मेमध्ये दाटीने येतात, त्याच दिवसांत उन्हामुळे पार्लरची दारे-खिडक्या बंद आणि वातानुकूलन चालू असते, आणि दोनशे अंशांच्या जवळपास तापलेली इस्त्री केसावरून फिरताना निघणारा धूर त्या छोट्या गाळ्यातच कोंडून राहतो. नवरी वर्षातून एकदा दोन-तीन तास तिथे बसते. ते काम करणारी मुलगी मात्र हंगामभर दिवसाला अनेक ग्राहकांच्या डोक्यावर वाकून तोच धूर श्वासात घेते. डोळ्यांची जळजळ, घशातली खवखव, डोकेदुखी, दम लागणे ही लक्षणे कामाचा थकवा म्हणून सोडून दिली जातात. केसांच्या निगेवरचे लेखन जवळजवळ सारे ग्राहकासाठी लिहिले जाते, आणि या कामकरी मुलींचा त्यात उल्लेखही नसतो, ही त्या लेखनातली मोठी उणीव मानली पाहिजे.

फॉर्मल्डिहाइडऐवजी आता ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरले जाते आणि ते निर्धोक असल्याचे सांगितले जाते. फ्रेंच डॉक्टरांनी 2024 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका तरुण स्त्रीची हकीकत नोंदवली, जिच्या मूत्रपिंडाला तीन वेळा, दर वेळी अशा द्रव्याने केस सरळ केल्यानंतर, तीव्र इजा झाली होती; उंदरांवरील प्रयोगात हे आम्ल त्वचेतून शोषले जाऊन मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचल्याचे त्यांना दिसले. उन्हाळ्यात शरीरातले पाणी आधीच घटणाऱ्या प्रदेशात मूतखड्याचा त्रास असलेल्या व्यक्तीने या प्रक्रियेपासून दूर राहणे शहाणपणाचे. अमेरिकेतील 33,497 स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासाचे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही इथे सांगायला हवेत: केस सरळ करणारी द्रव्ये न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अंदाजित प्रमाण 1.64 टक्के, तर वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत 4.05 टक्के निघाले. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण वारंवारतेबरोबर धोका वाढतो, हे त्यातले निरीक्षण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

रंगांविषयी थोडक्यात. कायमचा रंग अमोनियाने खवले उघडतो आणि पेरॉक्साइडने आत रंगकण तयार करतो. ब्लीच त्याहून कठोर असते. काळ्या रंगांत व बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त पॅरा-फेनिलिनडायअमाइन असू शकते, ज्याची ॲलर्जी चेहरा सुजण्यापर्यंत जाते, म्हणूनच भारतीय नियमांनुसार अशा रंगांच्या वेष्टनावर आधी चाचणी घेण्याची सूचना छापावी लागते. कानामागे थोडा रंग लावून 48 तास वाट पाहणे एवढीच ती चाचणी आहे. शुद्ध मेंदी केसाचे बंध तोडत नाही, परंतु धातूंचे क्षार मिसळलेल्या मेंदीवर पुढे ब्लीच केल्यास केस तापून जळू शकतो, म्हणून डोक्याला आधी काय लावले होते हे पार्लरमध्ये विचारले गेलेच पाहिजे आणि ग्राहकानेही ते लपवू नये.

आता पाण्याकडे वळावे लागते, कारण खानदेशात निगेची निम्मी लढाई पाण्याशी असते. जळगाव शहराला वाघूर धरणाचे, धुळ्याला नकाणे तलाव, तापी योजना व अक्कलपाडा यांचे पाणी मिळते. हे पृष्ठभागावरचे पाणी तुलनेने मऊ असते. पण मधले दिवस बोअरवर काढावे लागतात आणि खेड्यांत तर बहुधा भूजलच. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपणाऱ्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते, ज्याला बोलीत जड पाणी म्हणतात. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर त्याचाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगा मानला आहे. या क्षारांचे केसाशी विशेष वैर असते ते रासायनिक प्रक्रिया झालेल्या केसाच्या बाबतीत: ब्लीच किंवा रंगामुळे केसावर ऋण विद्युतभाराच्या जागा वाढतात, धन भाराचे कॅल्शियम तिथे चिकटून बसते, आणि त्याच पाण्याने धुतलेला शेजारणीचा साधा केस ठीक असताना हा केस मात्र खरखरीत, निस्तेज आणि गुंत्याचा होतो. अंगाचा साबण डोक्याला लावला तर हे क्षार आणि साबण यांचा न विरघळणारा चिकट साका केसावर बसतो, आणि साबणाच्या अल्कधर्मी सामूमुळे खवले आणखी उचलले जातात.

यावरचा सोपा उपाय याच प्रदेशाच्या भूगर्भात दडलेला आहे. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा उकळल्याने बराच जातो. पाणी उकळून, थंड करून, तळाचा गाळ न ढवळता वरचे निवळ पाणी घेतले तर शेवटच्या खळबळणीसाठी दोन तांबे चांगले पाणी घरातच तयार होते. आरओ यंत्राचे किंवा जारचे लिटर-दोन लिटर पाणी हाही पर्याय आहे. उलट आरओमधून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी, जे काटकसर म्हणून न्हाणीघरात वापरले जाते, ते मूळ पाण्याहूनही अधिक क्षारयुक्त असते. ते फरशीला चालेल, डोक्याला मुळीच नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होते, आणि महागड्या शांपूवर पैसे घालण्याआधी ती करून घेणे अधिक उपयोगी ठरते.

शिकेकाई आणि रिठा यांना जुन्या खानदेशी घरांत जे स्थान होते, त्यामागे याच पाण्याचे कारण असावे. त्यांतील सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये जड पाण्यातही साबणासारखा साका करत नाहीत आणि शिकेकाईचा सामू आम्लाकडे झुकतो. मात्र शिकेकाईची भरड पूड थेट कुरळ्या वा ब्लीच केलेल्या केसांवर चोळणे म्हणजे उचललेल्या खवल्यांवर खडे घासणे होय. काढा करून, फडक्यातून गाळूनच ती वापरावी. लॉरेन मॅसी यांच्या 2001 सालच्या ‘कर्ली गर्ल’ या अमेरिकन पुस्तकापासून शांपू आणि सिलिकोन पूर्ण वर्ज्य करण्याची एक पद्धत लोकप्रिय झाली व महाराष्ट्रातल्या तरुणींनीही ती उचलली. तिच्यातला सौम्यपणाचा आग्रह रास्त आहे, परंतु जड पाणी, धूळ आणि घाम असलेल्या ठिकाणी नुसत्या कंडिशनरने डोके धुण्याचा हट्ट टिकत नाही. सौम्य शांपू, आणि महिन्यातून एकदा ईडीटीएसारखे क्षार बांधून नेणारे द्रव्य असलेला शांपू, हा इथला व्यवहार्य मार्ग आहे. कंडिशनरमधील धनभारित रेणू केसाच्या इजा झालेल्या ऋणभारित जागांवरच नेमके चिकटतात, म्हणून प्रक्रिया केलेल्या केसांसाठी ते चैनीची वस्तू नाही. सिलिकोनविषयीची भीतीही अवास्तव आहे. कोरड्या हवेत त्याचा पातळ थर गेलेल्या स्निग्ध लेपाची जागा काही काळ घेतो.

तेलाच्या बाबतीत परंपरा आणि प्रयोगशाळा यांचे बऱ्याच अंशी एकमत झालेले दिसते. आरती रेले आणि आर. बी. मोहिले या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, जिच्यात साध्या आणि इजा झालेल्या अशा दोन्ही केसांतून धुताना होणारी प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने कमी झाली; त्यातील लॉरिक आम्लाचे लहान व सरळ रेणू केसाच्या आत शिरतात आणि पाण्याने होणारी फूग रोखतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले आहे, हे लक्षात घेऊनही त्याचा निष्कर्ष रसायनशास्त्राशी जुळतो. याच कंपनीचा कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे, तरी खानदेशाच्या मातीतली तेले वेगळी: शेंगदाणा, तीळ, करडई, सरकी, आणि सातपुड्याच्या पाड्यांवर मोहाच्या बियांचे. करडईचे तेल घडणीने सूर्यफुलाच्या तेलाच्या जवळचे आहे, त्यामुळे ते केसाच्या आत फारसे शिरेल अशी अपेक्षा करता येत नाही. वरून घर्षण कमी करण्यासाठी मात्र यांतले कोणतेही तेल थेंबभर पुरते. खोबरेलाची योग्य वेळ न्हाण्यापूर्वीची, काही तास आधीची. तेल लावलेल्या केसावर इस्त्री फिरवणे म्हणजे तो तळणेच होय.

वाळवण्याची सुरुवात कापडापासून होते. खरखरीत टर्किश टॉवेलने केस खसाखसा पुसणे आणि पंच्याने केस झटकणे या दोन्ही सवयी खवले उपटणाऱ्या आहेत. झटकण्याची सवय तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्याऐवजी जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे मऊ फडके घेऊन केस मुठीत धरून नुसते दाबावेत. बाजारात कुरळ्या केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या टॉवेलांची किंमत मोजण्याचे कारण कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यांत तरी नाही. कुरळ्या केसांच्या बटा खालून वर मुठीत घेऊन दाबल्या की वळणे एकत्र राहतात. मग त्या पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये.

यानंतरचा वाद ड्रायरचा. दक्षिण कोरियातील संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केसांच्या बटा वेगवेगळ्या अंतरांवरून ड्रायरने आणि नुसत्या हवेवर तीस वेळा धुऊन वाळवल्या. जवळून, 95 अंशांच्या झोताने वाळवलेल्या केसांचा पृष्ठभाग सर्वाधिक बिघडला, हे अपेक्षितच होते. लक्षणीय गोष्ट अशी की नैसर्गिकरीत्या वाळवलेल्या केसांत खवल्यांमधल्या जोडणीच्या थराला इजा दिसली, जी ड्रायरने वाळवलेल्या केसांत दिसली नाही. केस फार वेळ फुगलेला राहिल्याने हे घडते, असा संशोधकांचा तर्क होता. 15 सेंटीमीटर अंतरावरून, झोत सतत हलवत, 47 अंशांच्या सुमारास वाळवणे त्यांनी तुलनेने हितावह ठरवले. ओल्या केसावर तापलेली इस्त्री किंवा फार गरम झोत घेतला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथे मोडतो. या विकाराला बबल हेअर म्हणतात, आणि इस्त्री करताना ‘चर्रर्र’ आवाज येणे हे त्याचे धोक्याचे लक्षण आहे.

हा निष्कर्ष खानदेशच्या ऋतूंवर लावून पाहिला की एकच नियम बाराही महिने चालत नाही, हे दिसते. मे महिन्यात सावलीत, घराच्या आतल्या खोलीत, मध्यम दाट केस इतक्या लवकर वाळतात की ड्रायरची गरजच नसते, आणि ती हवाच 40 अंशांच्या वर असते. कूलरपुढे बसून केस वाळवण्याची उन्हाळ्यातली सवय त्यामानाने बरी आहे, कारण त्याची हवा गार आणि थोडी दमट असल्याने केस सावकाश पण कमी राठ वाळतो. कूलरमध्ये बोअरचे पाणी असले तरी क्षार टाकीतच मागे राहतात. पावसाळ्यात आणि धुळ्याच्या थंडीत मात्र कमरेइतके दाट केस चार-पाच तास ओले राहतात. तेव्हा कापडाने पाणी टिपून, कोमट झोताने, कुरळ्या केसांसाठी झोत पसरवणारी डिफ्यूझर ही जाळीदार वाटी लावून वाळवणे हे वाऱ्यावर सोडण्याहून चांगले. ड्रायर हजार ते दोन हजार वॉट वीज घेतो आणि घरगुती इन्व्हर्टरवर तो बहुधा चालत नाही, म्हणून भारनियमनाची वेळ पाहूनच डोक्यावरून पाणी घ्यावे, ही बारीक सूचनाही इथे अनाठायी नाही.

गच्चीवर उन्हात केस पसरून बसणे ही सगळ्यांत जुनी रीत आणि रंगवलेल्या केसांसाठी सगळ्यांत वाईट. सूर्याच्या अतिनील किरणांनी केसातले गंधकाचे बंध तुटतात, रंग उडतो आणि स्निग्ध द्रव्ये नष्ट होतात. थंडीतले सकाळचे कोवळे ऊन चालेल; चैत्र-वैशाखातले नाही. दुचाकीवर जाणाऱ्या मुली डोक्याला व चेहऱ्याला घट्ट गुंडाळतात तो सुती स्कार्फ केसांचेही चांगले रक्षण करतो, फक्त तो ओल्या केसांवर बांधू नये. ओल्या केसांची वेणी किंवा अंबाडा घालून शेतावर वा शाळेत जाण्याची घाई सर्वत्र आहे. दिवसभर ओल कोंडल्याने टाळूला कोंडा व बुरशी धरते, आणि पांढरा पिएड्रा नावाच्या, केसाभोवती मऊ गाठी धरणाऱ्या बुरशीचा ओले केस बांधण्याशी संबंध जोडला जातो. कुरळ्या केसांच्या शाळकरी मुलींच्या दोन घट्ट वेण्या ओढून घातल्याने कपाळाजवळचे केस विरळ होतात, हेही शिक्षकांनी जाणून घ्यायला हवे.

न सोडवलेल्या गुंत्याचे टोकाचे रूप म्हणजे जट. दाट वा कुरळे केस बरेच दिवस धुतले-विंचरले गेले नाहीत, की ते एकमेकांत कायमचे गुंफले जातात. याला देवीचा कोप किंवा कृपा मानून स्त्रियांना जटेच्या ओझ्यासह, मानदुखी आणि उवांसह जगायला लावले गेले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी राज्यभर समजावून, कुटुंबाची संमती घेऊन अशा जटा कापल्या आहेत. केसांची निगा ही केवळ सौंदर्याची बाब नाही, याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

कुरळे केस दिसायला नीटनेटके नसतात, हा समज लग्नाच्या बाजारात आजही मुलींना भोवतो आणि पार्लरकडे नेतो तो बहुधा हाच. जळगावपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवलेल्या स्त्री-पुरुषांच्या खांद्यांवर कुरळ्या बटा रुळतात. या भूमीने हे केस सुंदर मानले होते. ज्या मुलीला स्वतःच्या इच्छेने केस सरळ करायचे आहेत तिने ते जाणून-समजून करावेत, पण दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी विषारी धुरात बसण्याची सक्ती कोणत्याही घराने मुलीवर करू नये.

शिरपूरचे आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे बाजारातील केस सरळ करणाऱ्या द्रवांतला फॉर्मल्डिहाइड आणि गावोगावच्या पाण्याचा कठीणपणा मोजण्याची क्षमता आहे. ही दोन मोजमापे त्यांनी हाती घेऊन मराठीत प्रसिद्ध करावीत. पार्लरचालकांनी इस्त्रीच्या वेळी दार उघडे ठेवावे, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि कामावरच्या मुलींना आळीपाळीने विश्रांती द्यावी. आणि ग्राहकाने खुर्चीत बसण्यापूर्वी बाटली हातात घेऊन तिच्यावरची घटकांची यादी वाचावी. ज्या बाटलीवर यादी नाही किंवा जी दाखवायला नकार मिळतो, तो द्रव डोक्याला लावू देऊ नये.